मागणाऱ्याचा भार

दात्याची स्तुती करण्यात आपला समाज कधी कमी पडला नाही. मंदिराच्या पायरीवर, धर्मशाळेच्या भिंतीवर, पाठशाळेच्या दाराशी दात्यांची नावे कोरलेली असतात आणि ती असावीतही. सत्कृत्याची अनुमोदना हेही पुण्यच मानले आहे. परंतु त्या दानासाठी ज्याने अनेकांचे उंबरठे झिजवले, नकार ऐकले, हिशेब ठेवले आणि पुढच्या महिन्याच्या भाड्याच्या चिंतेत रात्री जागून काढल्या, त्याचे नाव त्या संगमरवरावर सहसा नसते. या वेळी अशा मागणाऱ्यांचा विचार करू. उदाहरण आपल्या समाजातले नाही, ज्यू समाजातले आहे. पण ते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

अँटवर्पच्या हिरेबाजारात जैन आणि ज्यू व्यापारी कित्येक दशके शेजारी बसून व्यवहार करीत आले आहेत. सौदा पक्का झाला की तेथे 'मझल' हा हिब्रू शब्द उच्चारला जातो आणि त्या एका शब्दाला कराराचे मोल असते. संख्येने लहान, व्यापारात मुरलेला, दानाला धर्माचे अंग मानणारा आणि नवी पिढी परंपरेपासून दुरावेल की काय या चिंतेने व्यापलेला असा तो समाज आहे. ही ओळख आपलीही आहे.

ज्यू धर्मगुरूला 'रबाय' म्हणतात. तो आपल्या साधूंसारखा संसारत्यागी नसतो. पत्नी, मुले, घरभाडे, शाळेची फी हे सारे त्याच्याही मागे असते. आपले साधू-साध्वी गोचरीवर निर्वाह करतात, द्रव्याला स्पर्श करीत नाहीत. संघाचा आर्थिक भार श्रावक वाहतात. रबायाला मात्र उपदेशही करावा लागतो आणि अनेकदा प्रार्थनागृहाचे वीजबिलही भरावे लागते. धर्म आणि धन यांचा भार एकाच खांद्यावर येतो, तेव्हा त्या खांद्याची कसोटी लागते.

ही कसोटी जुनी आहे. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये होऊन गेलेले महापंडित मायमोनिदीस यांचे उदाहरण घ्या. त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड रत्नांचा व्यापार करी आणि त्याच्या कमाईवर थोरल्या भावाचे अध्ययन निर्वेध चाले. भारताच्या व्यापारासाठी निघालेला डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर स्वतःचे आणि इतरांचेही भांडवल गेले. मागे त्याची विधवा आणि लहान मुलगी राहिली. मायमोनिदीस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होते. त्यानंतर ते उठले आणि वैद्यकीवर कुटुंब पोसू लागले. धर्मज्ञान हे उपजीविकेचे साधन होऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. दानाच्या आठ पायऱ्या सांगताना त्यांनी सर्वांत वरची पायरी मानली ती अशी: गरजूला कर्ज द्यावे, भागीदारीत घ्यावे किंवा काम द्यावे, म्हणजे त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येणार नाही. साधर्मिक भक्तीचा खरा अर्थ याहून वेगळा नाही.

आधुनिक काळात हा भार सर्वाधिक प्रमाणात कोणी उचलला असेल, तर तो छबाद-लुबाविच या पंथाच्या धर्मसेवकांनी. अठराव्या शतकात रशियन साम्राज्याच्या प्रदेशात उगम पावलेल्या या पंथाचे सहावे गुरू, सोव्हिएत राजवटीचा तुरुंग भोगून, १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. युरोपातील ज्यूंचा संहार झाला. शतकांची विद्यापीठे आणि गावेच्या गावे नष्ट झाली. १९५१ मध्ये सातवे गुरू मेनाकेम मेंडेल श्नीरसन यांनी सूत्रे हाती घेतली. उरलेल्यांना एकत्र करून भिंतीआड जपायचे, हा मार्ग त्यांच्यापुढे होता. त्यांनी उलटा मार्ग धरला. तरुण दांपत्यांना त्यांनी जगभर पाठवले: जेथे ज्यू असेल तेथे जा आणि त्याला जवळ आणा. हे कार्य फक्त ज्यूंपुरते असते. इतरांचे धर्मांतर ते करीत नाहीत. जवळ येणाऱ्याकडून सारे नियम एकदम पाळण्याची अपेक्षाही नसते. आज शुक्रवारच्या संध्याकाळी एक दिवा लावावा, उद्याचे उद्या पाहू, अशी ही रीत आहे. आचार्य तुलसींनी १९४९ मध्ये अणुव्रत आंदोलन सुरू केले, त्यामागील छोट्या व्रताची दृष्टी ज्यांना परिचित आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

आज अशी पाच हजारांहून अधिक कुटुंबे शंभराहून अधिक देशांत राहतात. या नेमणुकीची दोन वैशिष्ट्ये व्यापारी माणसाने नीट पाहावीत. पहिले हे की नेमणूक सहसा आयुष्यभराची असते आणि ती एकट्या पुरुषाची नसून पतिपत्नीची असते. तीन वर्षांनी बदली नाही, बढती नाही. ज्या गावी गेले, तेथेच मुले वाढवायची. दुसरे हे की मुख्यालयाकडून आरंभी थोडे साहाय्य मिळाले, तरी पुढे प्रत्येक केंद्राने आपला खर्च आपणच उभा करायचा असतो. अमेरिकेतील बऱ्याच ज्यू प्रार्थनागृहांत सभासदत्वाची वार्षिक वर्गणी असते. छबादची केंद्रे साधारणपणे ती घेत नाहीत. दार उघडे असते, ताट वाढलेले असते, आणि पैसे कोठून येणार हा प्रश्न यजमानाच्या मनात असतो.

यातून मागण्याची एक वेगळी शिस्त तयार झाली. आधी द्यायचे, मग मागायचे. रुग्णालयात भेट, मुलाला हिब्रू अक्षरओळख, सणाचे जेवण, घरात मृत्यू झाला तर रात्री-अपरात्री धावून जाणे हे सारे आधी घडते. देणगीची गोष्ट कधीकधी फार उशिरा निघते. म्हणूनच या केंद्रांच्या दात्यांत स्वतः कर्मठ नसलेलेही पुष्कळ असतात. आपल्या बाजारातही पत अशीच मिळते. ती मागून मिळत नाही.

श्नीरसन यांनी या शिस्तीला एक कृती जोडली. १९८६ पासून, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते दर रविवारी ब्रुकलिनमध्ये तासन्‌तास उभे राहून भेटीस येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक डॉलरची नोट ठेवीत. ती घेणाऱ्याने दान करायची असे. दोन माणसे भेटली की तिसऱ्याचे भले व्हावे, हा त्यामागील भाव होता. इतका वेळ उभे राहून थकत कसे नाही, असे कोणी विचारले असता, हिरे मोजताना कोणी थकतो काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. समोरचा माणूस देणगीदार म्हणून नव्हे, तर हिरा म्हणून दिसला, तर मागण्यातील लाज आणि देण्यातील अहंकार दोन्ही गळून पडतात. १९९४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या जागी कोणाचीही नेमणूक झाली नाही, तरी कार्य वाढतच राहिले. कारण प्रत्येक केंद्र स्वतःच्या पायावर उभे होते.

परंतु स्वावलंबनाची किंमत असते. परक्या गावी सोबतीला कोणी नसते; मुलांना जवळ धर्मशिक्षणाची शाळा नसते, म्हणून ती संगणकाच्या पडद्यावरून शिकतात. कर्ज डोक्यावर असते आणि चेहरा हसतमुख ठेवावा लागतो. या थकव्यावर त्यांच्या परंपरेत दोन उपाय आहेत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत फोन नाही, प्रवास नाही, पैशाला स्पर्श नाही. मागणाऱ्यालाही आठवड्यातून एक दिवस मागणे बंद. आपल्या पौषधाची आठवण यावी असाच हा विराम आहे. दुसरा उपाय म्हणजे वार्षिक संमेलन. जगभरातील हजारो धर्मसेवक न्यूयॉर्कला जमतात आणि तेथे देशांची नावे एकामागून एक पुकारली जातात. त्यांच्या पत्नींचे संमेलन स्वतंत्र भरते. एकाकी गावात राहणाऱ्याला आपण एकटे नाही हे त्या दिवशी कळते.

मुंबईकरांना या कार्याची ओळख फार दुःखद प्रसंगाने झाली. कुलाब्यातील नरिमन हाऊसमध्ये गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग हे तरुण दांपत्य प्रवासी व व्यापारी यांच्यासाठी घर उघडे ठेवून होते. आनुवंशिक आजाराने गेलेल्या आपल्या पहिल्या मुलाचे दुःख त्यांनी सोसले होते. तरीही पाहुण्यांसाठी ताट वाढणे थांबले नव्हते. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात दोघेही मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची सांभाळ करणारी सँड्रा सॅम्युएल हिने जिवावर उदार होऊन बाहेर आणले. २०१४ मध्ये त्याच इमारतीत केंद्र पुन्हा सुरू झाले. तेथे दुसरे दांपत्य राहायला आले होते.

मात्र धैर्य असले की सारे निभते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील पोवे गावच्या छबाद प्रार्थनागृहावर गोळीबार झाला. एक स्त्री मृत्युमुखी पडली. तेथील रबायाने बोट गमावले, आणि जखमी अवस्थेतही त्याने लोकांना धीर दिला. जगाने त्याची प्रशंसा केली. पुढच्याच वर्षी त्याने न्यायालयात करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला. हल्ल्यापूर्वी अनेक वर्षे तो देणग्यांच्या पावत्या देऊन रकमेचा मोठा भाग दात्यांना गुपचूप परत करीत असे. २०२२ मध्ये त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. गोळीसमोर न डगमगलेला माणूस पावतीपुस्तकासमोर डगमगला. आणि तो एकटा डगमगला नाही. त्या पावत्या घेणारे हातही होतेच. 'पावती पूर्ण द्या, रोख परत करा' हे शब्द व्यापारी वर्गाला अपरिचित आहेत, असे कोणी शपथेवर सांगू शकेल काय? अचौर्यव्रताची परीक्षा अशा ठिकाणी होते. गरजवंत संस्थाचालकासमोर असा प्रस्ताव ठेवणे म्हणजे देणगी देणे नव्हे, त्याचा धर्म विकत घेणे होय.

आपल्याही संघात असे मागणारे आहेत. पाठशाळेच्या शिक्षिकेच्या मानधनासाठी, पांजरपोळाच्या चाऱ्यासाठी, वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी ते वर्षानुवर्षे फिरतात. त्यांच्यासाठी दाता म्हणून तीन गोष्टी करता येतील. पहिली, इमारतीइतकेच महिन्याच्या खर्चालाही द्यावे, आणि न मागता, ठरल्या तारखेला द्यावे. चाऱ्याच्या बिलावर कोणाचे नाव कोरले जात नाही, म्हणून ते दान अधिक निर्मळ आहे. दुसरी, नकार द्यायचा असेल तर लगेच व सन्मानाने द्यावा; 'पुढच्या आठवड्यात या' असे म्हणून चार फेऱ्या घालायला लावणे हीसुद्धा सूक्ष्म हिंसाच आहे. तिसरी, वर्षातून एकदा त्याला पैशाखेरीज काही विचारावे: घरी सर्व ठीक आहे ना, मुलांचे कसे चालले आहे, आपल्यालाही कधी विश्रांती मिळते काय?

येत्या पर्युषणात दानाची बोली बोलताना दाता जितका आठवेल, तितकाच तो पावतीपुस्तक घेऊन फिरणाराही आठवावा. आणि संवत्सरीला ज्यांच्याजवळ 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे त्यांच्या यादीत, दुकानातून रिकाम्या हाताने परत गेलेल्या त्या कार्यकर्त्याचे नाव सर्वांत वर असावे.