संस्थेचं उत्तरकार्य

खानदेशातल्या कुठल्याही जुन्या गावात एक चक्कर मारा. कुठे व्यायामशाळेचं गंजलेलं फाटक दिसेल, कुठे वाचनालयाची पडकी माडी, कुठे वसतिगृहाची नुसतीच पाटी. पाटीखाली बारीक अक्षरात ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. म्हणजे ही सोसायटीही आणि सार्वजनिक न्यासही. संस्था केव्हाच गेलेली असते, तिचं उत्तरकार्य मात्र कुणी केलेलं नसतं. ते कुणी आणि कसं करायचं, यावर जळगाव-धुळ्याच्या धर्मादाय कचेऱ्यांच्या आवारात दोन मतं ऐकू येतात. मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिलं मत उरल्यासुरल्या सभासदांचं. ‘आमच्या आजोबांनी पदरमोड करून संस्था काढली. आता आम्ही चौघंच राहिलो. ठराव करू, जागा विकू, मोकळे होऊ. कोर्टाचा संबंध काय?’ यातला वैताग खोटा नाही. वारलेल्या विश्वस्ताचं नाव वर्षानुवर्षं न्यासाच्या नोंदवहीत, परिशिष्ट एकवर, तसंच राहतं आणि नवं नाव लावण्यासाठी दिलेला बदल अर्ज तारखांवर तारखा खात पडून असतो. पण वैतागातून मालकी निर्माण होत नाही. १८६०चा संस्था नोंदणी कायदा याबाबत स्पष्ट आहे. कलम १३ म्हणतं, खास त्याच कामासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत तीन पंचमांश सभासदांचा कौल मिळाल्याशिवाय संस्था विसर्जित होत नाही. सरकारने तिला पैसा दिला असेल तर सरकारची संमतीही लागते. अनुदानावर वाढलेल्या आपल्या संस्थांनी हे विसरू नये. मालमत्तेच्या निरवानिरवीवरून आपसात वाद झाला, तर मुख्य इमारत ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे तो जातो.

त्याहून महत्त्वाचं कलम १४. देणी भागवून जे उरेल त्यातला एक रुपयाही सभासदांना वाटून घेता येत नाही. ते दुसऱ्या संस्थेलाच द्यावं लागतं. कोणत्या संस्थेला, हे हजर सभासदांनी पुन्हा तीन पंचमांश मतांनी ठरवायचं, आणि त्यांना ठरवता आलं नाही तर न्यायालयाने. म्हणजे कोर्ट इथे वाटेत आडवं पडत नाही. घरच्यांचं एकमत होत नाही तेव्हा बोलवायचा तो पंच आहे. आजोबांनी संस्था काढली हे खरं. पण भिंतीतली प्रत्येक वीट त्यांची नव्हती. कापसाच्या मोसमात कुणी चार पैसे दिले, कुणी जागा दिली, कुणी अंगमेहनत केली. त्यांची नावं सभासद-यादीत नाहीत, म्हणून त्यांचा हक्क बुडत नाही.

दुसरं मत याच्या उलट टोकाचं, झटपट साफसफाईचं. ‘पाच वर्षं हिशेब नाही, बदल अर्ज नाही? नोंदणी रद्द करा, मालमत्ता विका.’ २०१७च्या दुरुस्तीने सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम २२मध्ये ही वाट खरोखरच करून दिली आहे. कागदावरच्या मृत संस्था वेचून काढायला हव्यात, हे मलाही पटतं. अडचण पुढच्या पायरीची आहे. रद्द झालेल्या न्यासाची मालमत्ता विकून पैसा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधीत भरता येतो. धरणगावच्या मुलींच्या वसतिगृहासाठी कुणी जागा दिली असेल आणि तिचे पैसे राज्याच्या एका निधीत गेले, तर धरणगावच्या मुलींच्या हाती काय लागलं?

शिवाय सगळीच मालमत्ता विकण्याजोगी नसते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरही याच गावात. या संस्था चालू आहेत. पण असाच पोथ्या-दप्तरांचा संग्रह असलेली एखादी छोटी संस्था उद्या थकली, तर दप्तरांचा लिलाव रद्दीच्या भावाने करायचा का?

आणि मालमत्तेच्या निरवानिरवीसाठी अधिकारी नेमला की काम चोख होतं, हा विश्वास तरी जळगावकरांनी ठेवू नये. भाईचंद हिराचंद रायसोनी ही धर्मादाय संस्था नव्हे, बहुराज्य पतसंस्था. तिचा कायदाही वेगळा. तिच्यावर २०१५ साली अवसायक नेमला गेला. २०२०मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात धाडी घातल्या, आणि आरोप होते ते अवसायनाच्या काळातल्याच व्यवहारांबद्दल. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं जाण्याची भीती उत्तरकार्याच्या वेळीच सर्वांत जास्त असते, एवढा धडा तरी घ्यावा.

मग करावं काय? उत्तर कायद्यातच आहे. मूळ हेतू साधणं अशक्य झालं तर पैसा त्या हेतूच्या जवळात जवळच्या कामाकडे वळवावा, हे न्यास कायद्याच्या कलम ५५चं तत्त्व. १९५४मध्ये रतिलाल पानाचंद गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाला मर्यादा घातली. धार्मिक न्यासाचा मूळ हेतू साधता येत असताना त्याचा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, असं बजावलं. हेतू श्रेष्ठ, सोय दुय्यम.

आपल्याकडे याचा दाखलाही आहे. प्रताप शेठांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी काही काळ तिथे राहिले, तिथलं इंग्रजी त्रैमासिक देशभरातले अभ्यासक वाचत. पुढे मंदिराची उमेद ओसरली. पण १९७३ साली पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्याच प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या साथीने नवं त्रैमासिक सुरू केलं. घर बदललं, काम तेच राहिलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. विसर्जनाची नोटीस कचेरीच्या फळ्याबरोबर संस्थेच्या फाटकावर आणि गावच्या चावडीवरही लागावी. मालमत्तेची यादी आधी जाहीर व्हावी. पहिला हक्क त्याच तालुक्यातल्या, त्याच कामाच्या संस्थेचा असावा. विक्री अगदी शेवटी. आणि निकालाला मुदत असावी, कारण उशीर झाला की कुंपण सरकतं.

पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे हात जोडून विचारतात, कोणती इच्छा राहिली? ती पुरी करण्याचा शब्द देतात, मग कावळा शिवतो. संस्थेची राहिलेली इच्छा तर तिच्या घटनेच्या पहिल्याच पानावर ‘उद्देश’ म्हणून लिहिलेली असते. ते पान न उघडता नुसती नोंदणी रद्द करणं म्हणजे दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवणं.