तीव्रता ‘नोंदली’ की ‘जाणवली’?



मागच्या अंकातील पत्रलेखकांच्या मते पारिभाषिक नामे एकदा ठरवून दिली, की विज्ञान मराठीत सुखाने नांदेल. मला हे पटत नाही. नामाचा अर्थ पुष्कळदा क्रियापदच ठरवते. आम्हा नांदेड-लातूरकरांना तर हे भूकंपाने शिकवले आहे.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला. ‘४.५ तीव्रता नोंदली गेली’ आणि ‘नांदेडात तीव्रता कमी जाणवली’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. शब्द एकच. पण नोंदलेली तीव्रता यंत्राची. गाव बदलले तरी आकडा तोच. जाणवलेली मात्र गावागणिक, मातीगणिक, भिंतीगणिक वेगळी. हा भेद कोशाने नाही, क्रियापदाने केला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ नोंदली गेली, म्हणजे हिंगोलीच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जा. तरी माणसे आकड्याखाली दबली नाहीत, दगडमातीच्या जड भिंतींखाली दबली. तो हिशेब ‘जाणवली’चा.

(हल्ली ‘भूकंप आला’ असेही कानावर येते. हिंदीची सावली, दुसरे काय! पाहुणा येतो; भूकंप पायाखालच्या खडकात होतो.)

नामे घडवणाऱ्या समित्यांनी प्रत्येक संज्ञेसोबत तिची क्रियापदेही छापावीत, एवढी विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, नांदेड