साडेतीनशेच्या अलीकडे

पाच-सात वर्षं स्प्लेंडर नाहीतर अॅक्टिव्हा चालवलेला, नोकरीत जरा स्थिरावलेला माणूस ‘आता मोठी गाडी’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हाताशी साधारण दोन लाख रुपये असतात आणि डोक्यात चारशे सीसी. या दोन आकड्यांचं जमत नाही. कर्ज काढून ते जमवूही नये, असं माझं मत आहे. पहिली मध्यम गाडी साडेतीनशे सीसीच्या आतली घ्यावी, आणि हाताशी असलेले सगळे पैसे गाडीवरच संपवू नयेत.

आधी कराचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच दिवशी ३५०च्या वरच्या गाड्या ४० टक्क्यांत गेल्या. त्याआधी त्यांना सेस धरून ३१ टक्के पडत. म्हणजे करापूर्वी दीड लाखाची गाडी असेल, तर रेषेच्या अलीकडे २७ हजार आणि पलीकडे ६० हजार. काही कंपन्यांनी सुरुवातीला हा वाढीव भार स्वतः सोसला, पण असली मेहेरबानी पुढच्या किंमतवाढीपर्यंतच टिकते.

विमाही हीच रेषा पाळतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये होतात. ३५०च्या वर गेलात की १५,११७. त्यावर पुन्हा जीएसटी.

एवढं करून वाढलेली ताकद वापरायची कुठे? पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. राज्यातले सगळ्यात वेगवान रस्ते तुमच्यासाठी नाहीतच. चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि ३४९ सीसीची क्लासिक दिवसभर ८०ने कुरकुर न करता जाते. चारशेवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. आंबा घाटाच्या चढावर मालाच्या ट्रकमागे अडकलात, मागे बायको बसलेली आणि बाजूला दोन बॅगा असल्या, की साडेतीनशेची वीस अश्वशक्ती अपुरी वाटते. चाळीसवाली गाडी त्या ट्रकला पटकन मागे टाकते. पण असे चढ वर्षातून किती वेळा लागतात, आणि तिथे ट्रकमागे चार मिनिटं थांबायला काय हरकत आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

शिवाय ही चाळीस अश्वशक्ती पेलायला शिकवणारं आपल्याकडे कुणी नाही. युरोपात परवान्याला पायऱ्या आहेत: आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॉटची मर्यादा, मग मोकळीक. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा एकच परवाना. आरटीओच्या मैदानात स्प्लेंडरवर आठचा आकडा काढला की दुसऱ्या दिवशी काहीही चालवायला कायद्याची हरकत नाही. स्प्लेंडरची ताकद आठ अश्वशक्ती. तिथून वीसवर जाणं सरावाने जमतं. एकदम चाळीसवर गेलं, तर पावसाळ्यातल्या पहिल्या ओल्या वळणावर उजवा हात जरा जास्त वळला की संपलं.

वजनाचा विचार सीसीपासून वेगळा करावा, कारण त्या दोन्हींचा सरळ संबंध नाही. स्प्लेंडर ११२ किलोची, क्लासिक १९५ची. हंटर त्याहून हलकी, १८० किलोच्या आसपास, आणि चारशे सीसीची ट्रायम्फ स्पीड ४००ही साधारण तेवढ्याच वजनाची. म्हणून टेस्ट राइडला मोकळ्या रस्त्यावर वेग बघण्यात वेळ घालवू नका. गाडी बंद करून उतारावरून मागे ढकलून बघा. अरुंद गल्लीत, पाय न टेकवता यू-टर्न घेऊन बघा. घरचं जे माणूस रोज मागे बसणार आहे, त्याला सोबत न्या. सिग्नलला दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, हे बघताना घरी घालता त्याच चपला-बुटांत बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून गाडी रोज तुम्हालाच काढायची आहे.

आता दोन लाखांचा हिशेब. करकपातीनंतर सगळ्यात स्वस्त हंटरची एक्स-शोरूम किंमत १ लाख ३८ हजारांच्या घरात आली. ती शोरूमच्या बोर्डावरची. २९९ सीसीच्या वरच्या दुचाकीला महाराष्ट्रात १२ टक्के एकरकमी रस्ता कर आहे. तो, विमा आणि नोंदणी धरली की आकडा पावणेदोन लाखांच्या जवळ जातो. आणि या स्वस्त प्रकारात काय मिळतं? तारेची चाकं, ट्यूबवाले टायर, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. ट्यूबचा टायर पंक्चर झाला की चाक काढावं लागतं. ताम्हिणीत संध्याकाळी सहा वाजता ते कुठे काढणार? वरच्या प्रकाराला अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर, दोन्हीकडे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे, पण किंमत वीस-पंचवीस हजारांनी चढते आणि दोन लाख तिथेच संपतात.

ते संपता कामा नयेत, कारण गाडीइतकंच आवश्यक सामान अजून घ्यायचं आहे: बीआयएस शिक्क्याचं, पूर्ण चेहरा झाकणारं आणि डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट, खांदे-कोपरांना आर्मर असलेलं जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे गार्ड. निवडून घेतलं तर हे सगळं वीस हजारांच्या आसपास बसतं. शोरूममध्ये मात्र हेच पैसे लेग गार्ड, सीट कव्हर आणि टेफ्लॉन कोटिंगमध्ये जातात.

म्हणून माझी शिफारस दोन-तीन वर्षं जुन्या, वरच्या प्रकारच्या साडेतीनशेची. हंटर घ्या, होंडाची सीबी ३५० घ्या, घरापासून ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे ती घ्या. रस्ता कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, आणि पाच वर्षांच्या थर्ड पार्टी विम्यातली उरलेली वर्षं तुमच्या नावावर करून घेता येतात. चार-पाच वर्षं जुनी ३९० ड्यूक बेताच्या किमतीत दिसली तर मात्र हुरळू नका. घेताना ती स्वस्त असते. टायर, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक पॅड बदलताना ती पुन्हा महागड्या गाडीसारखीच वागते.

जुनी गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर का, ते विचारा. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा, हँडल सरळ धरूनही एका बाजूला ओढणं, दोन बाजूंच्या फूटरेस्टवर वेगवेगळी झीज, या खुणा मालकापेक्षा खरं बोलतात. आरसीवरचा चासी नंबर स्वतः ताडून बघा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम झालं असं समजू नका. आरसीवर तुमचं नाव लागेपर्यंत पाठपुरावा करा. अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिला आहे. त्यामुळे स्वतःची जुनी स्प्लेंडर विकतानाही हेच पाळा.

ही गाडी दोन पावसाळे चालवा. तोवर वीस अश्वशक्ती नेमकी कुठे कमी पडते, हे तुम्हाला कळलेलं असेल; कदाचित कुठेच पडत नाही, हेही कळेल. कमी पडतच असेल तर चारशे सीसीची गाडी जरूर घ्या. तेव्हा तो चाळीस टक्के कर कशासाठी भरतोय, हे तुम्हाला सेल्समनने सांगावं लागणार नाही.