वही मागणाऱ्यानें वही वाचावी

गेल्या श्रावणांत आमचा पुतण्या पुण्याहून मिरजगांवीं आला, तो लॅपटॉप उघडूनच. नव्या नोकरीसाठीं एका सॉफ्टवेअर कंपनीनें त्यास घरीं करावयाचें काम दिलें होतें. पत्रांत चार तास लिहिले होते. लागले चार दिवस. सोमवारची पंगत उठली तरी हे चिरंजीव माडीवरच. काम पाठवून दीड महिना लोटला तरी पोंचहि आली नाहीं. "अहो, नापास म्हणून तरी कळवायला नको का?" असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

करून दाखविण्यास सांगणें यांत मुळांत दोष नाहीं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाचा वाद परिव्राजिका शब्दांनीं मिटवीत नाहीं. शिष्यांचा प्रयोग पाहूं, असें ठरविते. पाश्चात्य संशोधनहि याच मताचें आहे. 1998 सालीं श्मिट व हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 85 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीहून कामाचा नमुना पाहणें अधिक भरंवशाचें ठरविलें. 2022 सालच्या फेरतपासणींत मात्र सर्वांस तेच प्रश्न व ठरीव गुणदान असलेली मुलाखत अग्रस्थानीं आली.

दुसरी रीत फळ्यासमोर उभें करून आज्ञावली लिहविण्याची. वहींत बिनचूक गणित सोडविणारा मुलगा फळ्यापाशीं गोंधळतो, हें प्रत्येक शिक्षकानें पाहिलें आहे. 2020 सालीं अमेरिकेंत 48 जणांवर केलेल्या प्रयोगांतहि, कोणी पाहत असतां उमेदवारांची कामगिरी निम्म्याहून खालीं गेली. म्हणून घरचें काम बरें, असें वाटतें. परंतु घरीं वेळ कोणास आहे? दिवसभर कचेरी, संध्याकाळीं स्वयंपाक आणि कडेवर मूल, अशा सुनेस चार दिवस कोठून मिळावे? तेथें परीक्षा बुद्धीची न होतां सवडीची होते. शिवाय आतां कृत्रिम बुद्धिमत्ताहि आज्ञावली लिहून देते. तेव्हां लिहिणारा कोण, हें नुसत्या कामावरून कळत नाहीं.

यावर जुना उपाय आहे. मिथिलेंतील शलाकापरीक्षेंत पोथींत सळई खुपसून उघडेल त्या पानाचा अर्थ विचारीत. तसें दोन तासांचेंच काम द्यावें, आणि समोर बसवून त्यांतील एखाद्या ओळीचें कारण विचारावें. काम मोठें असेल तर मोबदला द्यावा. उमेदवारानेंहि आरंभींच विचारावें कीं, काम कोण तपासणार व उत्तर केव्हां मिळणार. घरच्या वडीलधाऱ्यांनीं, नकार आला म्हणजे मुलगा नालायक, असा तर्क करूं नये.

आम्हीं वर्षानुवर्षें वह्या तपासल्या. चुकलेल्या वहीवरहि तांबड्या शाईच्या दोन ओळी लिहिल्याच. वाचावयाची नसेल ती वही मागूं नये, एवढाच या व्यवहारांतील धर्म.