सरकारची उधारी, पोरांच्या मानेवर

साधा हिशेब करू. घरून ये-जा करून बी.ए. करणारा आपला पोरगा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ च्या नियमांनी त्याचा निर्वाह भत्ता ठरवला वर्षाला ३,००० रुपये. करा भागाकार. दिवसाला आठ रुपये. नाक्यावर कटिंग येत नाही त्यात. आणि वर्गातला शेजारी वर तोंड करून म्हणतो, 'तुमचं काय बाबा, तुम्हाला सगळं फुकट!'

हे फुकट आलं कुठून ते ऐका. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढं टाकलं. उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपये भांडून घेतले. १९४४ पासून ही शिष्यवृत्ती चालू आहे. म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून. कुणा मंत्र्यानं खिशातून काढलेली ही दक्षिणा नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या थकबाकीचा हा पहिला हप्ता. पुढचे हप्ते देताना मात्र सरकारचा हात आखडतो.

आता खरी गोम. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं २०२५-२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. आकडा ऐकून टाळ्या पडल्या. पण नियम असा केला की आधी राज्यानं आपला वाटा टाकायचा, मगच केंद्राचा वाटा पोराच्या खात्यात येणार. त्यातली फी पोरानं कॉलेजात नेऊन भरायची. पैसे थेट खात्यात आले तर मधला खाणारा जातो, हे कबूल. पण राज्याचा हप्ता अडला की केंद्राचाही अडतो. थकवलं सरकारनं, आणि कॉलेजच्या खिडकीपुढं कर्जदार म्हणून उभा कोण? आपला पोरगा. 'फी भर, मग रिझल्ट ने.' 'फी भर, मग टी.सी. बघू.' बापानं आणायचे कुठून? घरातलं किडूकमिडूक गहाण टाकायचं, नाहीतर पोरीचं शिक्षण थांबवायचं. बहुतेक वेळा पोरीचंच थांबतं.

अडवलेला पैसा हे हत्यार असतं. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप सात महिने अडली होती. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. शेवटच्या चिठ्ठीतही त्यानं त्या थकलेल्या पैशाचा हिशेब लिहून ठेवला. नुसत्या पैशापायी तो मेला, असं कुणी म्हणणार नाही. पण त्याला एकटं पाडताना तो पैसाही कामाला आला.

आणि गरिबीचं माप बघा. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख झाली. २०२१ च्या नियमांतही अडीच लाखच. मात्र २०१९ साली सवर्णांतले गरीब शोधायला निघाले तेव्हा रेघ मारली आठ लाखांवर. तिथं आरक्षण, इथं शिष्यवृत्ती, बाब वेगळी, मान्य. पण गरीब तो गरीब ना? मग महिन्याला २१ हजार मिळवणारा झाडूखात्यातला बाप कुठल्या हिशेबानं श्रीमंत?

आपल्यातल्या साहेबांनाही विचारलं पाहिजे. याच शिष्यवृत्तीवर शिकलात, कॉलनीत ब्लॉक घेतलात. चौदा एप्रिलची पावती फाडली की संपलं? पोरं पोर्टलवर फॉर्म भरता भरता रडकुंडीला येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक; एक अक्षर चुकलं की अर्ज मागं. वर्षातले चार रविवार वस्तीत येऊन बसा. भाषणापेक्षा ते बरं.

आमचं मागणं सरळ आहे. कॉलेज सुरू होतानाच पैसे द्या. अडीच लाखांची रेघ पुसा. भत्ता महागाईला बांधा. सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे, आमच्या पोरांच्या पोटाला महागाई लागत नाही काय? उशीर सरकारचा असेल तर व्याजही सरकारनंच भरावं. आणि रिझल्ट, टी.सी. अडवणाऱ्या कॉलेजवर गुन्हा नोंदवा.

अर्जविनंत्या पुष्कळ झाल्या. आता वस्तीवस्तीत वही घाला. कुणाचे किती थकले, किती महिने थकले, कुठल्या कॉलेजनं काय अडवलं, सगळं लिहा. ती वही घेऊन समाजकल्याणच्या दारात बसू. कर्जदार तिथं आहे. वसुलीही तिथंच करायची.