आवळा, गंजका खिळा आणि नववीचं विज्ञान

मुलांनो, आवळ्याचे तुकडे लोखंडी कढईत शिजवायला ठेवले तर काय होतं, हे आधी घरातल्या आजीला विचारा. आजी म्हणेल, "काळे पडतात रे! म्हणून तर मी स्टीलचं पातेलं घेते." आता ते काळे का पडतात, हे नववीतल्या ताईला विचारा. ताई बहुधा म्हणेल, "हे आम्हाला नाहीये."

आहे की! आवळ्यात टॅनिन जातीचे तुरट पदार्थ असतात. हिरड्यात, डाळिंबाच्या सालीत आणि चहातही ते असतात. लोखंड आणि टॅनिन यांची गाठ पडली की काळपट निळा रंग तयार होतो. युरोपात शेकडो वर्षं लोक याच जातीच्या शाईने लिहीत होते. तिची गंमत अशी, की लिहिताना ती जरा फिकी दिसते आणि मग हवा लागून गडद होत जाते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरसचं फेरिक होतं. शाळेच्या पुस्तकांत हे ऑक्सिडीकरण म्हणून येतं. मात्र तिथे ते समीकरणात आहे, दौतीत नाही.

या शाईला एक खोडही आहे. ती आम्लधर्मी असते, त्यामुळे वर्षानुवर्षांनी कागदच खाते. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांना पुष्कळदा काजळीची शाई वापरलेली असते. काजळी म्हणजे कार्बन. तो ना उडतो, ना कागदाला त्रास देतो. पोथी लिहिणाऱ्याला कार्बन हा शब्द ठाऊक नसेल, पण कोणती शाई टिकते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता मला सांगा, शाईचा हा पाठ हायस्कुलात शिकवायचा कुणी? विज्ञानाच्या सरांनी, की चित्रकलेच्या? की आवळा शिजवणाऱ्या आजीने? आमच्या प्राथमिक शाळेत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे एकच बाई सगळं शिकवते. सकाळी पाने गोळा केली की त्यांचीच मोजणी होते, त्यांचेच ठसे उमटतात आणि त्यांच्यावरच चार ओळी लिहिल्या जातात. मग मुलं मोठ्या शाळेत जातात. तिथे दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते, वही बदलते, सर बदलतात, आणि विषयाविषयांत भिंती उभ्या राहतात. दहावी जवळ आली की चित्रकलेचा आणि कार्यानुभवाचा तास गणिताला "उसना" दिला जातो. उसना म्हणायचा आपला, परत कधी येत नाही!

या भिंती पाडता येतात, हे एका माणसाने आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवलं. त्यांचं नाव डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले हे शास्त्रज्ञ मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम करत होते. ती नोकरी मुदतीआधी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात जाऊन राहिले, आणि १९८३ मध्ये तिथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते गेले, पण त्यांनी घडवलेला अभ्यासक्रम पाबळबाहेरच्या शाळांतही गेला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तो आठवड्यातून एक दिवस असतो आणि त्याचं नाव आहे "मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख". दहावीच्या बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली.

त्या दिवशी मुलं करतात काय? कधी वेल्डिंग आणि सुतारकाम, कधी विजेची जोडणी, कधी माती तपासणं, रोपं लावणं, जनावरांची निगा, तर कधी चिक्की. चिक्कीला हसू नका हं! पाक उकळत राहतो, पाणी उडून जातं आणि पाकाचा उत्कलनबिंदू वर चढतो, हे रसायनशास्त्र झालं. त्याचा थेंब थंड पाण्यात टाकला की कडक होऊन टणकन वाजायला हवा. ही आजीची परीक्षा आणि तिच्या शेजारी थर्मामीटर. मग शेंगदाणे, गूळ, इंधन आणि मजुरी धरून एक वडी कितीला पडली, याचा हिशेब. तो चुकला तर तोटा होतो, आणि तोटा लाल शेऱ्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे हे शिकवायला गावातलीच हुन्नरी माणसं घेतली. डिग्री नसेल, पण हात तयार असलेली. शिवाय मुलं गावातल्या लोकांची खरीखुरी कामं पैसे घेऊन करून देतात. काम वाकडं झालं तर गिऱ्हाईक बोलणारच.

पाबळला घुमटाकार घरंही बांधली. त्यांचा सांगाडा त्रिकोणांनी बनलेला असतो. त्रिकोणच का? सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या घ्या. चार काड्यांचा चौकोन करा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला, तो तिरपा होऊन बसेल. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. या काड्या-ट्यूबच्या खेळण्यांना घरोघर पोचवणारे अरविंद गुप्ता हेही इंजिनियरच.

आता थोडं पालकांशी. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा सध्या नववीत आहे. वडिलांचं ग्रिलचं दुकान आहे. चाचणीत भूमितीत त्याला चाळीसपैकी अकरा गुण पडले. आई विचारायला आली, "बाई, नववीनंतर दुकानातच बसवू का याला? डोकंच नाही अभ्यासात." मी दुकानात गेले तेव्हा हे चिरंजीव खिडकीची चौकट तपासत होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, ते बघितलं. मग टेप घेऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात मापलं, दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही मापलं. दोन्ही मापं जुळली तर चौकट गुण्यात, नाही तर ठोकून सरळ करायची. मी विचारलं, "हे तुझ्या पुस्तकात आहे, माहीत आहे का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. आयताचे कर्ण एकरूप असतात, हे प्रमेय त्याला परीक्षेत लिहिता आलं नव्हतं, आणि इथे तो रोज त्याच्यावर पोट भरत होता! पाया आखणारा गवंडीही दोरीने तीन, चार आणि पाच फूट मोजून काटकोन काढतो. पायथागोरसचं नाव न घेता.

मी त्या माउलीला सांगितलं, शाळा सोडवू नका. मुलाला म्हटलं, वर्गात चौकट घेऊन जा. त्याच्या सरांनी चौकटीवरून एक तास घेतलाही. पण एका तासाने अकराचे तीस होत नाहीत. पुढच्या वर्षी तो दहावीच्या वर्गात असेल की दुकानात, ते आज मला सांगता येत नाही.

पालक म्हणतात, दहावीला एकेक गुण मोलाचा, हे उद्योग कशाला? भीती खोटी नाही. पण तो मुलगा तासच्या तास बाकावरच बसला होता आणि तरी अकराच मिळाले, त्याचं काय? उलट, वेलबुट्टी सुरेख काढणाऱ्या किती मुलींना सममिती हा शब्द ऐकला की घाम फुटतो! हात आणि डोकं यांची ओळखच करून दिली नाही तर दोघंही अर्धंच काम करतात. मात्र एक खबरदारी घ्या. बाजारातून आणलेला तक्ता किंवा बाबांनी रात्री जागून केलेला ज्वालामुखी म्हणजे हाताचं काम नव्हे. त्यात हात बाबांचे असतात.

तसं हे नवं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच नई तालीम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकावं असं म्हटलं आहे. चांगलंच आहे. पण दहा दिवसांची सहल होण्याची भीती वाटते. मला पाबळचा आठवड्यातला एक दिवस जास्त पटतो, कारण सवय आठवड्याने लागते.

बरं, आता या आठवड्याचं काम. दोन डाळिंबांची सालं दोन पेले पाण्यात, मोठ्या माणसाला जवळ ठेवून, पाणी निम्मं होईपर्यंत उकळा आणि गाळा. पातेलं स्टीलचंच घ्या! दुसरीकडे चार गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून तीन-चार दिवस ठेवा, झाकण सैल असू द्या. मग सालींच्या पाण्यात ते व्हिनेगर थेंब थेंब टाकत रंग बघा. थोडं डिंकाचं पाणी घातलं की शाई पसरणार नाही. बोरूने किंवा ब्रशने चित्र काढा. काही भागात पाणी जास्त घेऊन फिकी छटा करा. तेच चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा आणि काय बदललं ते चित्राखाली लिहा. ही शाई तोंडात घालायची नाही आणि जुना शर्ट घालूनच बसायचं.

सांडलीच तर ताज्या डागावर लिंबू चोळा, डाग फिका होतो. लिंबाने तिथल्या लोखंडाचं काय केलं असेल? मला लगेच विचारू नका. आधी विज्ञानाच्या सरांना विचारा, आणि विचारताना चित्र बरोबर न्या.