म्हाळसेला घाई नाही

मालिकेत नवऱ्याचा गैरसमज दूर व्हायला एक महाएपिसोड पुरतो. आधी तीन महिने त्याने बायकोवर संशय घेतलेला असतो, चारचौघांत तिला बोललेलं असतं, जमलं तर घराबाहेरही काढलेलं असतं. मग रविवारी कट उघडकीला येतो, वीज कडाडते, तो तिचे हात हातात घेतो आणि सोमवारी ती त्याच्यासाठी चहा घेऊन येते. चमत्काराच्या मालिकांत तर हे आणखी सोपं. तिथं नवऱ्याचा दोषच नसतो. कुणी तरी मंतरलेल्या मण्याने त्याच्यावर वशीकरण केलेलं असतं, नाहीतर कुणी दुसऱ्याच बाईचं रूप घेतलेलं असतं. मणी फुटला की नवरा निर्दोष. माफी मागायचीही गरज नाही, कारण चूक मण्याची होती.

झी मराठीवर १२ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालेली ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ आठवा. मूळ बंगाली ‘त्रिनयनी’वरून बेतलेली. तितीक्षा तावडेच्या नेत्राला पुढे घडणारं आधी दिसतं, अजिंक्य ननावरेच्या अद्वैतला दिसत नाही. संकट कुठून येणार हे तिला ठाऊक, आणि ज्या रूपालीपासून धोका ती तर घरातच वावरणारी. विश्वासाची यापेक्षा चांगली परीक्षा कुणाला सुचली असती? पुरावा काही नाही, फक्त बायकोचा शब्द. त्या शब्दावर नवऱ्याने चालायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण अशा कथानकात लेखकांना एक खोड असते. बायको म्हणाली ते घडून दाखवायचं आणि मग नवऱ्याला पटवायचं. मग तो विश्वास बायकोवर बसला, की घडलेल्या अपघातावर? अपघातावर तर शेजाऱ्याचाही बसतो.

हिंदीतल्या ‘नागिन’ने २०१५ साली निदान उलटी बाजू मांडली होती. मौनी रॉयची शिवन्या आई-वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला सून होऊन घरात येते आणि रितिकवर तिचा जीव जडतो. म्हणजे इथं फसवणूक बाईची, आणि तीही लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनची. ज्याच्याशी खोटं बोलून संसार मांडला त्याच्यावरच प्रेम बसलं तर काय, हा फार मोठा प्रश्न होता. फणा, डोळ्यांतला हिरवा-निळा रंग आणि पार्श्वसंगीत यांच्या गदारोळात तो किती ऐकू आला कोण जाणे.

हे सगळं मी चुडाव्यातून लिहितो आहे, आणि इथल्या बाया मालिका कशा बघतात ते थोडं सांगायला हवं. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं हे पूर्णा तालुक्यातलं गाव. दिवसभर कापूस-सोयाबीनच्या रानात, संध्याकाळी चुलीपुढं, मग टीव्ही, तोही लाइट असली तर. मधले दोन-चार एपिसोड हुकले तरी कुणाचं अडत नाही. “त्यानं माफी मागितली का?” एवढंच एकमेकींना विचारायचं. मागितली असेल तर पुढचा प्रश्न तयार : “अन् तिनं केली का लगेच?” या ‘लगेच’वर जोर असतो. लगेच माफ करणाऱ्या नायिकेला आमच्याकडे फारसा मान नाही.

म्हणूनच ‘जय मल्हार’ची गोष्ट वेगळी होती. कोठारे व्हिजनची ही मालिका १८ मे २०१४ ला सुरू झाली आणि एप्रिल २०१७ पर्यंत चालली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बानू. आता खंडोबा हा कुणी लेखकाने रचलेला नायक नव्हे. मराठवाड्यात किती तरी घरांच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक आहे, लग्नानंतर जागरण घातल्याशिवाय या घरांचा संसार सुरू होत नाही. बघणाऱ्या प्रत्येकीला गोष्टीचा शेवट आधीच पाठ. देव दुसरी बायको आणणार हे ठाऊक, कुठली आणणार हेही ठाऊक. उत्सुकता होती ती एकाच गोष्टीची : म्हाळसा हे कसं घेणार?

मूळ कथा पाहिली तर लक्षात येतं की मालिकावाल्यांना आयता खजिना मिळाला होता. म्हाळसा नेवाशाच्या तिम्माशेठ वाण्याची लेक, लिंगायत घरातली, लग्नाची बायको. देव तिच्याशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षांच्या वनवासाला निघतो. तो खरोखर हरला की बानूच्या ओढीने हरून घेतलं? लोककथा इथं मिश्कीलपणे गप्प बसते आणि म्हाळसेचा सगळा संशय त्या गप्प बसण्यावर उभा राहतो. पुढे चंदनपुरीला वेष पालटून हा जेजुरीचा राजा बानूच्या धनगर बापाच्या घरी चाकर म्हणून राहतो, मेंढरं राखतो. एक दिवस मेंढरं धुवायला नेतो आणि आपटून मारून टाकतो. बानू आक्रोश करते. तो म्हणतो, लग्न करशील तर जिवंत करतो. याला प्रेम म्हणायचं की अडवणूक, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तरी यात प्रेमापेक्षा हट्टच जास्त दिसतो.

पुराणिकांनी यावर उतारा शोधलाच. म्हाळसा पार्वतीचा अवतार, बानू गंगेचा किंवा पार्वतीच्या सखीचा. मागल्या जन्मीचं वचन होतं, ते पुरं केलं. म्हणजे पुन्हा तोच मणी! दोष देवाचा नाही, वचनाचा. पौराणिक मालिकेला असा उतारा फार सोयीचा पडतो, कारण रोज संध्याकाळी दुसऱ्या लग्नाचा नायक घराघरांत पाठवायचा आणि त्याला निर्मळही ठेवायचं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, देव त्याच्या कितीतरी आधीचा, ही पळवाट वेगळीच.

जागरणाला मात्र असा उतारा लागत नाही. रात्र चढली, दिवटी पेटली, दिमडी-तुणतुण्यावर वाघ्या-मुरळी गायला लागले की म्हाळसा-बानूचं भांडण येतंच येतं. म्हाळसा बानूच्या अंगाला येणारा मेंढरांचा वास काढते, तिची जात काढते, तिचं रांधणं काढते. बानूही ऐकून घेणारी नाही. ती वाण्याच्या लेकीला तिच्याच पारड्यात तोलते. देव मध्ये सापडतो. मंडपातली माणसं पोट धरून हसतात, कारण प्रत्येक घरात हे भांडण कुठल्या ना कुठल्या नात्याने चालू असतं. महत्त्वाचं हे की ते मिटत नाही. पहाटे आरती होते, भंडारा उधळला जातो, पण कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. पुढच्या घरच्या जागरणात ते पुन्हा तिथूनच सुरू.

जेजुरीचा गड चढताना हाच न्याय दगडात दिसतो. वर गाभाऱ्यात देवाशेजारी म्हाळसा. बानूचं देऊळ पायऱ्यांच्या निम्म्या वाटेवर. देवाने दोघींची समजूत काढली ती अशी : एकीला वर, दुसरीला मध्ये. दोघींनाही पूर्ण मिळालं नाही. आणि सातारा जिल्ह्यातल्या पालीला दर पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न नव्याने लागतं. हळद लागते, मिरवणूक निघते, लाखाच्या घरात लोक जमतात. एवढं सगळं झाल्यावरही नवऱ्याला दर वर्षी पुन्हा बोहल्यावर उभं राहावं लागतं, हे मला फार आवडतं. एकदा माफी मिळाली की हिशोब संपला, असं इथं नाही.

चमत्काराच्या मालिका लिहिणाऱ्यांना नेमकं हेच उमगत नाही. त्यांच्याकडे शक्ती भरपूर, पण वेळ नाही. वर्षावर वर्षं चालणाऱ्या मालिकेत वेळ नाही हे म्हणणं विचित्र वाटेल, पण खरं आहे : कारस्थानाला सहा महिने देतात आणि समेटाला दहा मिनिटं. मग ‘लीप’ घेऊन पाच वर्षं उडी मारतात, म्हणजे ज्या काळात मोडलेला विश्वास कणाकणाने सांधला असता तो काळच गाळून टाकतात. नेत्रा आणि अद्वैत घ्या, शिवन्या आणि रितिक घ्या. संशय फिटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते एका ताटावर बसून काय बोलले असतील? तो काही विचारायला गेला की ती क्षणभर थांबत असेल का? त्या थांबण्याला टीआरपी नाही असं वाहिनीला वाटतं. आमच्या गावातल्या बाया हे मानणार नाहीत.

वाघ्यांकडे ना ग्राफिक्स, ना बजेट. तरी म्हाळसेचा रुसवा ते रात्रभर पुरवतात, कारण तो रुसवा त्यांना मिटवायचा नसतो, नीट ऐकवायचा असतो. दुसरी संधी देणारी बाई रागावलेली राहू शकते, टोमणा मारू शकते, आणि तरी त्याच गाभाऱ्यात उभी राहू शकते, हे आपल्या गाण्याला जितकं कळलं तितकं आपल्या पडद्याला अजून कळलेलं नाही.

लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते. चुडाव्याहून नांदेड गाठायचं आणि लोह्याच्या रस्त्याला लागायचं. घोडे-उंट, कुस्त्या, लावणी सगळं बघा, पण रात्री एखाद्या वाघ्या-मुरळीच्या फडापुढे बसा, म्हाळसा-बानूचं भांडण लावायला सांगा, आणि ते निम्म्यावर असताना उठू नका.